सुकेशनीचा प्रबंध आणि माझा प्रिंटर

माझ्या बायकोच्या पीएच.डी.ला सात वर्षं लागली. त्यातली साडेसहा वर्षं तिच्या विषयाला लागली आणि सहा महिने माझ्या प्रिंटरला. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही. ती ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. भाजीवालीला ऐकवून झालं, जावेला ऐकवून झालं, परवा दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना ऐकवलं. माझी बाजू काय आहे हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

मी मल्हारराव. राहायला गारखेड्यात, नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात. अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मोटारसायकलमध्ये बसणारे बुश माझ्या व्हर्नियर मापकाखालून गेल्याशिवाय गेटबाहेर जात नाहीत. कारखान्यात मला पाठीमागं रिजेक्टराव म्हणतात हे मला माहीत आहे. मला त्याचं काही वाटत नाही. उलट नाव ठेवण्याइतकं आपलं काम लक्षात राहतंय याची तसल्ली वाटते.

सुकेशनी शाळेत मराठी शिकवते. तिच्या पीएच.डी.चा विषय मेंढपाळ बायकांच्या ओव्या. आमचं घराणं करमाडचं, वडिलांपर्यंत दारात मेंढरं होती, त्यामुळं तिला सामग्री घरातच मिळाली. सामग्री म्हणजे माझी आई, बानाबाई. सुट्टी आली की मी सुकेशनीला करमाडला सोडायचो, ती दिवसभर आईच्या तोंडासमोर मोबाइल धरून बसायची, आणि मी धाकट्या भावाच्या घरी जेवून झोपायचो. सात वर्षांत माझा संशोधनाशी आलेला संबंध एवढाच. मला वाटायचं, आईच्या ओव्या, त्यात काय लिहायचंय एवढं.

जानेवारीत तिचा प्रबंध लिहून झाला. दोनशे चाळीस पानं, पाच प्रती, शेवटची तारीख तीस जून. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. तीस जून हुकली की नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. सुकेशनीचं गणित सोपं होतं. मे महिन्यात मार्गदर्शक विशाखा मॅडमच्या शेवटच्या दुरुस्त्या करायच्या, विद्यापीठाच्या गेटसमोर झेरॉक्सवाल्याकडं पेनड्राइव्ह द्यायचा, एका दुपारीत पाच प्रती हातात.

"झेरॉक्सवाल्याकडं?" मी म्हणालो. "सात वर्षांचं काम तू त्याच्या हातात देणार? त्याची छपाई पाहिलीयस का? एक पान काळं, एक पान करडं. घरात इन्स्पेक्टर असताना?"

"अहो, इन्स्पेक्टर आहात, प्रिंटर नाही आहात."

"प्रिंटर घेऊ."

इथंच चूक झाली असं तिचं म्हणणं. मी मानत नाही. प्रिंटर घेणं ही चूक नव्हती. दुकानात जाऊन जो दिसेल तो उचलून आणणं ही चूक ठरली असती, आणि ती मी केली नाही. मी रीतसर तौलनिक अभ्यास केला. बाजारात घरगुती प्रिंटरच्या तीन कंपन्या जास्त चालतात. त्यांची नावं मी लिहीत नाही, मला कोर्टकचेरीची हौस नाही. मी त्यांना अ, ब, क म्हणतो. मी कारखान्याच्या धर्तीवर तक्ता आखला. कागद अडकणं, शाई सुकणं, आवाज, अक्षराची धार, विक्रीनंतरची सेवा. प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला गुण. सुकेशनी म्हणाली, "माझ्या प्रबंधात एवढे तक्ते नाहीत." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तपासणीला नमुने लागतात. नमुने कॉलनीतच होते. कंपनी अ चा प्रिंटर अप्पारावांकडं होता. अप्पाराव निवृत्त तलाठी, समोरच्या घरात राहतात. त्यांचा प्रिंटर दिवाणखान्यात टीव्हीशेजारी, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी.

"अहो मल्हारराव, डोळे झाकून हाच घ्या," अप्पाराव म्हणाले. "चार वर्षं झाली, एकदा बिघडला नाय. एक स्क्रू ढिला नाय."

"रोज किती पानं काढता?"

"पानं?" ते बायकोकडं बघायला लागले. "काढली ना. घेतला तवा दोन काढली."

मी त्यांना समजावलं की चाचणी घेतल्याशिवाय गुण देता येत नाहीत. फुलदाणी उतरवली, रुमाल उतरवला, प्रबंधाची चाचणी पानं लावली आणि बटण दाबलं. प्रिंटरनं आतून लांबलचक खरखर काढली आणि कोरा कागद बाहेर दिला. दुसरा कोरा. तिसऱ्यावर एक निळी रेघ. मग सफाईचा पर्याय दाबला. त्यानं उरलीसुरली शाई पिऊन टाकली, लाल दिवा लावला आणि गप्प झाला. मी तक्त्यात अ च्या नावापुढं शून्य लिहिलं. अप्पारावांनी ते वाकून पाहिलं.

"शून्य? माझ्या प्रिंटरला शून्य? चार वर्षं चांगला होता, तुम्ही आलात अन् अर्ध्या घंट्यात मारून टाकला! आन वर शून्य देताय?"

मी म्हणालो, "तो आधीच गेलेला होता, आज फक्त कळलं." हे मी बोलायला नको होतं. अप्पारावांनी त्या दिवसापासून मला दुधाच्या केंद्रावर ओळख देणं बंद केलं आणि गल्लीभर सांगितलं की मल्हाररावांना घरात घेऊ नका, ते यंत्रं बघायला येतात आणि बंद पाडून जातात.

कंपनी ब चा प्रिंटर शिकवणीवाल्या सुरेखाबाईंकडं होता. त्यांच्याकडं तो दिवसभर चालायचा, म्हणजे नमुना उत्तम. पण अप्पारावांची बातमी माझ्या आधी पोचली होती. सुरेखाबाई दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "भाऊजी, हात न लावता काय बघायचं ते बघा." मी खिडकीतून, हात मागं बांधून, त्यांच्या प्रिंटरमधून गणिताच्या वीस प्रश्नपत्रिका निघताना पाहिल्या आणि वहीत टिपून घेतलं. येणारीजाणारी पोरं मला बघून हसत होती. क चा नमुना कॉलनीत नव्हता, म्हणून तो कारखान्याच्या ऑफिसात तपासला. असं करत करत मार्च संपला. निकाल असा: अ ला शून्य, क ला एकाहत्तर, ब ला साडेएकाहत्तर.

तक्ता घेऊन मी शफीकभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून वाचला.

"साहब, ये आप बनाये?"

"व्हय. तीन महिने लागले."

"या अल्ला! मैं बीस साल से प्रिंटर बेच रा, मैंने नईं बनाया." मग आवाज खाली आणून म्हणाले, "देखो साहब, मशीन सब एकच हैं. डब्बा अलग, कटकट एकच. ये ब वाला ले जाव, अच्छा है. बस एक काम करो, उसको छेडो नक्को."

पैशांची जुळवाजुळव होऊन मेच्या मध्याला ब घरी आला. पहिले आठ दिवस त्यानं सुंदर काम केलं. अक्षर धारदार, समास सरळ, काळं म्हणजे काळं. मी सुकेशनीला बोलावून भिंगातून दाखवलं. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. कागद आत घेताना तो बारीक चूंऽऽ करायचा. सुरेखाबाईंचा करत नव्हता. आता आवाज करणारं यंत्र घरात ठेवून झोप कशी लागेल? मी झाकण उघडलं, आतले रबरी रोलर दिसले, त्यावर आमच्याकडचं मशीनचं तेल कापसानं हलक्या हातानं फिरवलं. आवाज बंद झाला. कागद आत घेणंही बंद झालं.

मी तेलाचा विषय घरात काढला नाही. "कंपनीचा दोष दिसतोय," एवढंच म्हणालो आणि सेवा केंद्राला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा करत एकदाची बाई बोलली. सगळं हिंदीत लिहून घेतलं. शहर विचारलं, मी छत्रपती संभाजीनगर सांगितलं. तिच्या यादीत ते नव्हतं. मी म्हणालो, "बरं बाई, औरंगाबाद बघ." ते सापडलं. चोवीस घंट्यांत इंजिनियर येईल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "सर, मैं आपके मुहल्ले में खड़ा हूँ, आपका घर नहीं मिल रहा."

मी गच्चीवर गेलो. "दिखते नहीं आप. किधर खड़े?"

"सर, स्टेशन रोड पर, धर्मशाला के बगल में."

मी बनियनवर खाली आलो, स्कूटर काढली, स्टेशन रोड पालथा घातला. फोनवर तो "हम यहीं हैं सर" म्हणतोय, मी "मैं भी यहीं हूँ" म्हणतोय. बोलता बोलता कळलं की तो बिहारमधल्या औरंगाबादेत उभा आहे. तक्रार तिकडं नोंदली गेली होती. तिथून ती रद्द करून इकडं आणायला अकरा दिवस गेले, कारण रद्द करायला त्या इंजिनियरची सही लागते आणि तो बिचारा आपल्या बहिणीच्या लग्नात होता. मला त्या लग्नाचे फोटोही आले. सुकेशनीनं कॅलेंडरवर तीस जूनभोवती लाल गोल काढला.  

जूनच्या आठ तारखेला आमच्या औरंगाबादचा, म्हणजे संभाजीनगरचा, इंजिनियर आला. दार उघडलं. समोर कचरू. कचरू आमच्याच कारखान्यात लेथवर होता. सात-आठ वर्षांपूर्वी मी त्याचा चारशे बुशांचा लॉट रिजेक्ट केला होता आणि फॉर्मवर 'दोष मान्य' म्हणून त्याची सही घेतली होती. त्यानंतर त्यानं नोकरी सोडली हे ऐकलं होतं, पण पुढं काय झालं ते माहीत नव्हतं.

"साहेब, वळखलं का?"

"अरे कचरू! ये, ये. चहा?"

"आधी काम." त्यानं चष्मा लावला, बॅटरी काढली, झाकण उघडलं आणि आत उजेड टाकला. मग रोलरवरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. माझ्याकडं पाहिलं.

"तेल?"

मी कॅलेंडर बघायला लागलो.

"साहेब, ह्या रोलरनं कागद धरायचा असतो. तुम्ही त्याला सुळसुळीत करून ठिवलाय. कसा धरील?"

स्वयंपाकघराच्या दारात सुकेशनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "कंपनीचा दोष का?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

कचरूनं रोलर बदलला. काम अगदी चोख केलं, हे मला कबूल करावं लागेल. मग फॉर्म काढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'बिघाडाचे कारण: ग्राहकाची हाताळणी. वॉरंटी लागू नाही.' खाली एक रिकामी जागा दाखवली. "साहेब, इथं लिवा. दोष मान्य. अन् सही." मी लिहिलं आणि सही केली. तेव्हा कुठं तो चहाला बसला. आलं घातलेला लई आवडतो म्हणाला.

उरले बावीस दिवस. सुकेशनी म्हणाली, "पेनड्राइव्ह द्या, मी गेटला जाते." आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. मी हात जोडले. आठ दिवसांची रजा टाकली आणि छपाई सुरू केली. दोनशे चाळीस गुणिले पाच, बाराशे पानं. प्रिंटर मधूनच दोन कागद एकदम ओढायचा, मग अनुक्रम चुकायचा, मग मी जमिनीवर गठ्ठे मांडायचो, मग पंखा लागायचा, मग पुन्हा मांडायचो. घरात पंखा लावायला बंदी केली. जूनमध्ये. सुकेशनी ओला पंचा डोक्यावर घेऊन स्वयंपाक करायची.

पण तपासणीत मी कसूर केली नाही. दर पन्नास पानं झाली की एकेक पान उजेडात धरून पाहायचो, डाग, रेघ, फिकं अक्षर. आणि कारखान्याच्या शिरस्त्यानं प्रत्येक पन्नासावर एक तपासणी चिठ्ठी लावायचो. चिठ्ठी मी घरीच छापली होती, ए-फोर कागदावर. वर लॉट क्रमांक, खाली दोष, शेरा, निकाल आणि निरीक्षकाची सही. आमच्याकडं चिठ्ठीशिवाय लॉट जागचा हलत नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. कारखान्यात माल पॅक करताना पॅकिंगवाला ती चिठ्ठी काढून फाइलला लावतो. घरी पॅकिंगवाला नव्हता. हे मला त्या वेळी सुचलं नाही.

आणखी एक झालं. पान तपासायचं म्हणजे डोळे ओळीवरून फिरवावे लागतात, आणि डोळे फिरले की माणूस वाचतो. पहिल्या प्रतीला मी फक्त छपाई पाहिली. दुसऱ्या प्रतीला अधूनमधून वाचलं. तिसऱ्या प्रतीला चौथ्या प्रकरणात अडकलो. ते माझ्या आईवर होतं. कळप गोदाकाठाकडं निघालेला, आईला दिवस भरलेले, आणि मी एका परक्या शेताच्या बांधावर जन्मलो. दुसऱ्या दिवशी कळप थांबला नाही. मला घोडीवरच्या जाळीत, आदल्या रात्री झालेल्या कोकरांशेजारी ठेवलं आणि आई चालायला लागली. खाली तिची ओवी होती:

घोडीच्या पाठीवरी कोकरू नि माझा तान्हा,
दोघांच्या भुकेपाई वाटंतच फुटं पान्हा.

माझ्या दाखल्यावर जन्मस्थळ करमाड आहे. पन्नाशी उलटल्यावर, बायकोच्या प्रबंधाच्या एकशे सदतिसाव्या पानावर मला कळलं की ते चूक आहे.  मग पेन काढलं आणि त्या लॉटच्या चिठ्ठीवर शेरा लिहिला. दुसरीकडं कुठं लिहिणार? माझ्याकडं लिहायला तेवढीच जागा होती.

पंचवीस जूनला मी पाचही गठ्ठे चिकटपट्टीनं बंद करून सुकेशनीच्या हवाली केले. "उघडू नकोस, अनुक्रम बिघडेल. बाइंडरला असंच दे. सगळं तपासलंय." तिनं माझं ऐकलं. तेवढंच एकदा ऐकलं आणि तिथंच घात झाला. बाइंडरनं जसं दिलं तसं बांधलं. विद्यापीठात बाबूंनी पट्टी लावून समास मोजला, दीड इंच. मी त्यांना विचारलं, "तुमची पट्टी प्रमाणित आहे का?" सुकेशनीनं मला इतक्या जोरात चिमटा काढला की हात चार दिवस निळा होता. पण प्रबंध जमा झाला. विशाखा मॅडमनी कच्चा मजकूर तीनदा वाचला होता म्हणून पक्की प्रत उघडली नाही. शिक्का मारून परत मिळालेल्या प्रतीला करमाडला आईनं हळदकुंकू वाहिलं आणि ती देवाजवळ ठेवली, म्हणून तीही कुणी उघडली नाही.

डिसेंबरात तोंडी परीक्षा लागली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. आमच्या घरातले सगळे आले. करमाडहून आई आली, नवं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत. अप्पारावसुद्धा आले. माझ्याशी बोलले नाहीत, पण नंतर कचोरी आहे हे त्यांना माहीत होतं. बाहेरचे परीक्षक कोल्हापूरचे, उंच, हसायची सवय नसलेले. तास दीड तास त्यांनी सुकेशनीला नुसतं सोलून काढलं. ती डगमगली नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर, उत्तराला पान क्रमांक. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात गुण देत होतो आणि एकही कापता येत नव्हता.

शेवटी परीक्षकांनी प्रबंध बंद केला आणि चष्मा पुसला. "बाई, एक शेवटचा प्रश्न. हे निरीक्षक मल्हारराव कोण?"

माझ्या कानात सुंऽऽ असा आवाज सुरू झाला.

सुकेशनीला काही कळेना. परीक्षकांनी प्रबंध उघडून उंच धरला. "पन्नास पानं संपली की ही चिठ्ठी. 'लॉट क्रमांक एक. तपासले. स्वीकृत.' मला वाटलं, विद्यापीठानं नवीन परिपत्रक काढलं. पुढं लॉट क्रमांक दोन. 'दोष: डाव्या बाजूला डाग. निकाल: रीवर्क.' अहो, मी दुसरं प्रकरण तीन वेळा वाचलं. मला दोष सापडेना. माझ्या आधी कुणीतरी जाणकारानं धरलेला दोष मला दिसत नाही म्हणून मी आठ दिवस बेचैन होतो."

सभागृह हसायला लागलं. सुकेशनी हसली नाही. तिनं मान वळवून थेट मागच्या रांगेत पाहिलं. विशाखा मॅडम घाईघाईनं स्वतःची प्रत चाळायला लागल्या आणि त्यांनाही एकेक सापडायला लागली. परीक्षा समितीचे अध्यक्ष गंभीर आवाजात म्हणाले, "हे बरोबर नाही. प्रबंधात बाहेरच्या माणसाचं लेखन? हे परत पाठवावं लागेल का, बघावं लागेल."

मी उठलो.  "सर, मीच तो. मी तिचा नवरा. क्वालिटीला आहे. चूक माझी आहे, तिला काही माहीत नाही. छपाई मी केली, चिठ्ठ्या मी लावल्या, काढायच्या राहिल्या. तिची सात वर्षं आहेत सर. कृपा करून प्रबंध रिजेक्ट करू नका."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ऐकून एकदाही मी विरघळलो नव्हतो, हे नेमकं तेव्हाच आठवलं.

"बसा हो," परीक्षक म्हणाले. "अजून लॉट क्रमांक तीन राहिलाय." आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'दोष: नाही. शेरा: छपाई स्वच्छ. मजकूर वाचला. आईला हे मी कधीच विचारलं नाही. सुकेशनीनं विचारलं. निकाल: स्वीकृत.'"

 दीड तास घडाघडा बोलणारी सुकेशनी टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायला लागली आणि ग्लास रिकामा झाला तरी तोंडाला लावून उभी राहिली. मला खाली बसायचं सुचेना.

पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्यानं बोलते. "काय म्हनला ह्यो मल्हारी? काय इचारलं नाय?"

शेजारच्या कुणीतरी तिला समजावून सांगितलं. आई वळली, मला शोधलं, आणि सगळ्या सभागृहादेखत म्हणाली, "मग आता इचार की! मी काय मेले व्हय?"

कोल्हापूरचे परीक्षक हसले. पुढं त्यांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं, अध्यक्षांनी मान हलवली, आणि निकाल जाहीर झाला. पदवीची शिफारस एकमतानं. अट एकच, चिठ्ठ्या काढून पाच प्रती पुन्हा सादर करायच्या, पंधरा दिवसांत. अप्पारावांनी माझ्याशी हात मिळवला आणि तिसरी कचोरी घेतली. मी त्या संध्याकाळी आईशेजारी बसलो. तिनं बांध सांगितला, गाव सांगितलं, घोडीचा रंग सांगितला. मधेच म्हणाली, "लई रडायचास. कोकरू गप ऱ्हायचं, तू नाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुकेशनी मला घेऊन विद्यापीठाच्या गेटला गेल्या. "तुम्ही फक्त पिशवी धरा," असं बजावून. झेरॉक्सवाल्यानं पेनड्राइव्ह लावला आणि भल्यामोठ्या यंत्रानं धडाधड पानं फेकायला सुरुवात केली. पाऊण घंट्यात पाच गठ्ठे समोर. मला दुरूनच दिसलं, वरच्या गठ्ठ्यात एक पान तिरकं आलं होतं. ओठावर आलेला शब्द मी गिळला आणि दोन्ही हातांनी पिशवी धरून उभा राहिलो.

सुकेशनीनं चष्मा नाकावर सरकवला, गठ्ठा ओढला आणि एकेक पान उजेडात धरायला सुरुवात केली. मागं रांग वाढली, कुणीतरी "मॅडम, लवकर" म्हणालं, तिनं वळूनही पाहिलं नाही. त्या पानाशी आली. थांबली. पान बाहेर काढून झेरॉक्सवाल्यासमोर ठेवलं.

"दादा, हे रिजेक्ट."